ओबडधोबड बुरूज

खूप पूर्वी, युरोपातल्या एका किल्ल्यात ओबडधोबड गोल बुरूज होता. त्याच्या एका बाजूला राजाने टोकदार कमानींचं प्रार्थनाघर बांधलं. दुसऱ्या बाजूला नातवाने खांबांचा दिवाणखाना बांधला, आणि पणतवाने मागे सोनेरी नक्षीचा महाल.

"आजोबा, तुम्हाला धड एक खिडकी नाही," महाल म्हणाला. "पाहुण्यांपुढे लाज वाटते हो. उद्या गवंडी तुम्हाला पाडायला येतोय."

बुरूज मनातून घाबरला. तोफगोळ्यांनाही तो इतका भ्यायला नव्हता. तरी आवाज कापू न देता म्हणाला, "येऊ दे. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही."

सकाळी योहान गवंड्याने वरचा एक दगड उपटला. दिवाणखान्याला तडा गेला. दुसरा उपटला, तशी महालाची नक्षी खाली कोसळली.

"अरे, या तिघांची चौथी भिंत कुणी बांधलीच नाही," योहान पुटपुटला. "सगळे याच्याच पाठीवर रेललेत."

"आजोबा, आवरा त्याला," महाल कळवळला.

"मी नाही आवरणार," बुरूज म्हणाला. "माझ्याशिवाय उभं राहता येत असेल, तर राहा."

योहानने पहार खाली ठेवली आणि दोन्ही दगड उचलून, चुना लावून, पुन्हा जागच्या जागी बसवले.