फणेरावांचा पहारा

फार मागे, साप नोकऱ्या करायचे तेव्हाची गोष्ट. ज्वारीच्या शेतात फणेराव नाग उंदरांवर पहारा द्यायचे. कात टाकायची वेळ आली, तशी त्यांच्या डोळ्यांवर साय धरली.

झाडावरून साळुंकी ओरडली, “अहो, दिसत नाही तुम्हाला! कात पडेपर्यंत बिळात पडून राहा की!”

“आणि शेत काय तुझा बाप राखेल?” फणेराव फणा काढून बसूनच राहिले, अगदी आजारपणातही रजा न घेणाऱ्या तुमच्यासारखे.

शेजारचं गवत सळसळलं.

“कोण आहे?”

मुंगूस आवाज बारीक करून म्हणालं, “उंदीर आहे, साहेब. चुकलं माझं. जवळ येऊन पाया पडू?”

आपल्याला पाय नाहीत, हेही फणेराव कामाच्या नादात विसरले होते. रुबाबात म्हणाले, “ये.”

शेत फणेरावांवाचून अजून पिकतंय हो.