तीनदा पाहिलेला झोपाळा

“प्रोग्राम एकदाही अडला नाही?” आगाशेबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“एकदाही नाही, बाई. चारशे गणितं घातली, चारशे उत्तरं आली,” निनाद म्हणाला.

चाळीस वर्षं गणित शिकवलेली बाई ती. सगळंच बरोबर आलं की त्यांना आधी संशय येतो. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, त्यांच्या सांगलीच्या घरी ओसरीवर चहा पीत बसले होते; बाई समोर झोपाळ्यावर होत्या. खरं सांगते, मलाही त्या पोराचा तोरा खपत नव्हता.

निनाद खैरमोडेनं लिमिट काढणारा प्रोग्राम लिहिला होता. एखादी संख्या शून्याच्या जवळ जवळ नेत गेलं की उत्तर कुठे जाऊन टेकतं, ते तो सांगायचा. पूर्वी जमलं नाही की ‘सांगता येत नाही’ असंही म्हणायचा. निनादला त्याची लाज वाटली, म्हणून त्यानं ते काढूनच टाकलं. आता बाईंची सही झाली की सोमवारपासून प्रोग्राम कॉलेजांतल्या मुलांपुढे जाणार होता. निनादची नोकरीही त्या सहीवरच अडली होती.

बाईंनी एकच गणित घातलं. शून्याजवळ जाताना ते कुठेच टेकत नाही, उलट जास्तच जोरात वरखाली होत राहतं. मला ते पाहताक्षणी कळलं.

प्रोग्रामनं क्षणात उत्तर दिलं. शून्य.

“हे कसं ठरवलं रे यानं?” बाईंनी विचारलं.

निनादनं अगदी कौतुकानं सांगितलं. अडलं की प्रोग्राम तीन जागा बघतो. एक दशांश, एक शतांश, एक सहस्रांश. तिन्हीकडे सारखंच आलं की तेच उत्तर. इथे तिन्हीकडे शून्य आलं होतं.

बाईंनी मंजुरीचा कागद मागितला आणि त्यावर चक्क सही केली. मी चक्रावलेच.

मग कागद मांडीवर धरून त्यांनी पायानं रेटा दिला आणि झोपाळा जोरात सोडला. निनादला समोर उभं केलं, डोळे मिटायला लावले. “मी ‘बघ’ म्हटलं की उघडायचे आणि लगेच मिटायचे,” त्या म्हणाल्या.

तीनदा ‘बघ’ म्हणाल्या, झोपाळा नेमका मधून जाताना.

“कुठे दिसला झोपाळा?”

“मधोमध.”

“तिन्ही वेळा?”

“हो...”

“म्हणजे थांबलाय. ये, डोळे न उघडता सरळ ये आणि तुझा कागद घेऊन जा.”

निनाद एक पाऊल पुढे आला. कड्या करकरत होत्या. पाटाचा वारा त्याच्या गुडघ्यांना लागला असावा. तो तिथेच उभा राहिला, डोळे मिटून. त्याचा चेहरा पार उतरला होता, आणि मला एकदम वाईट वाटलं त्याचं.

“बाई... लागेल मला.”

“तीनदा बघितलंस ना? मग का थांबलास?”