एकविसावा खड्डा

"माझा खड्डा कुणी बुजवला, नाना?"

बत्तीस वर्षांनी परत येऊन दिगंबर मुळीकने पहिला प्रश्न विचारला तो हा. ना नमस्कार, ना तब्येतीची चौकशी. शिकायला होता तेव्हाही असाच होता.

नाना खाली वाकून बकुळीची फुलं वेचत होते. आमच्या अध्यापक विद्यालयात ते शेती शिकवायचे आणि प्रार्थनाही घ्यायचे. आता नव्वदीला टेकले होते. शिकवणं सुटलं होतं, फुलं वेचणं सुटलं नव्हतं.

"चहा घेतलास का?" नानांनी विचारलं.

"आधी खड्डा."

त्या खड्ड्याची हकिगत मला ठाऊक आहे, कारण शेजारचं झाड माझं.

आमची पहिली तुकडी एकवीस जणांची. विद्यालयाला प्रार्थनेसाठी खोली नव्हती. नाना म्हणाले, झाडांचीच करू. मैदानात गोल आखला. ज्याने त्याने आपला खड्डा खणायचा आणि त्यात बकुळीचं रोप लावायचं.

दिगंबरने खड्डा खणला, पण रोप हातात घेतलं नाही. "हे देऊळ उभं राहीपर्यंत आपली हाडंही शिल्लक राहायची नाहीत. आणि राहिलंच उभं, तर कावळ्यांचं वसतिगृह होईल," असं नानांच्या तोंडावर म्हणाला.

आम्ही हसलो. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. नाना तर सगळ्यांत जास्त हसले.

पुढे दिगंबरने शहरात मोठमोठी सभागृहं बांधली, देवळं बांधली. इकडे वीस बकुळी आपल्या गतीने वाढल्या. वर फांद्या एकमेकींत गेल्या, खाली बुंध्यांमध्ये करवंदीची जाळी माजली. आत मूर्ती नाही, घंटा नाही. संध्याकाळी मुलं जमिनीवर बसतात आणि वरून एखाददुसरं फूल पडतं. तिथं बसलं की बरं वाटतं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

"नाना, मी बांधलेल्या एकाही देवळात मला हात जोडावेसे वाटले नाहीत..." दिगंबरचा आवाज एकदम उतरला. "दर खेपेला हा गोल आठवतो. माझ्यामुळे अपुरा राहिला. तुम्ही आहात तोवर मला माझं झाड लावू द्या."

"रोप आणलंस?" नानांनी विचारलं.

दिगंबरने टेम्पोकडे बोट दाखवलं. आत दोन पुरुष उंचीची बकूळ आडवी निजवली होती, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं. लहानसं रोप आमच्या झाडांच्या बरोबरीला कधी येणार! स्वभावाला औषध नसतं.

नानांनी तिची पानं हाताळून पाहिली.

"चांगली आहे. खण."

"अहो नाना, पण तिथं तर..." मी मध्ये बोललो.

नानांनी वेचलेली सगळी फुलं माझ्या ओंजळीत ओतली. ओंजळ भरल्यावर बोट तरी कसं दाखवणार? मी फुलं सांभाळत बाजूला झालो.

खड्ड्याच्या जागी एक सपाट दगड होता, मध्यभागी झिजून गुळगुळीत झालेला. शेजारी पाय धुवायला पाण्याचा रांजण. दिगंबरने रांजण सरकवला, पहार लावून दगड उलटला. टेम्पोतले मजूर पुढे आले, त्यांना त्याने मागे सारलं. सदरा काढून ठेवला आणि स्वतः खणायला लागला.

बावन्न वर्षांचा माणूस, धापा टाकत होता. हाताला फोड आले तरी थांबेना. तो मला इतका आपला याआधी कधी वाटला नव्हता.

ऊन कलतं होतं, पण चटका होताच. नाना आपली छत्री घेऊन आले आणि त्याच्या डोक्यावर धरून उभे राहिले.

दिगंबर मांडीभर खोल गेला होता, तेव्हा प्रार्थनेची वेळ झाली.

मुलं-मुली आली. चपला काढल्या आणि तिथंच थांबली.

मागून स्वयंपाकघरातल्या हौसाबाई आल्या, हातात निखाऱ्यावर धूप. त्यांनी गोलाला सबंध एक फेरी मारली. परत येऊन खड्ड्यापाशी उभ्या राहिल्या.

"नाना, आज आत कुठनं जायचं वं?"

दिगंबरची पहार थांबली.

त्याने डावीकडे पाहिलं. करवंदी. उजवीकडे पाहिलं. करवंदी. मग उलटलेल्या दगडाकडे पाहिलं, बाजूच्या रांजणाकडे, आणि काठावर खोळंबलेल्या त्या सगळ्या अनवाणी पायांकडे.

"नाना..." तो म्हणाला. डोळे भरून आले होते.

नानांनी छत्री त्याच्या डोक्यावर जरा आणखी झुकवली.

"मला काय विचारतेस, हौसा? दिगूला विचार. दार त्याचं आहे."