रिकाम्या हंडीतलं विरजण

“…मग हे वैराग्य नाही तर काय, आक्का?”

तुंगाक्का चुलीतली राख काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

वामनमास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. उभा जन्म कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेला माणूस. प्रश्न विचारायचा तोही उत्तर खिशात ठेवूनच. निवृत्तीनंतर तळ्याकाठच्या या मठात ते आक्कांपाशी शिकायला म्हणून आले होते, आणि आल्यापासून बोलतच होते. धोतर कमरेला घट्ट आवळलं तरी खाली सरकत होतं.

“दोन माणसांचं जेवतो मी. पण अंगी म्हणून लागत नाही. देहच म्हणतोय, मला काही नको. परवा अंघोळीला उतरलो तर बोटातली अंगठी आपोआप गळून तळ्यात गेली. मी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.”

“बरं झालं,” आक्का म्हणाल्या. “एखाद्या माशाचा साखरपुडा अडला असेल.”

मास्तर हसले नाहीत. त्यांना मोठं काही सांगायचं होतं.

“आणि दिवेलागणीला… जग पुसट होत जातं, आक्का. पलीकडचा काठ विरून जातो. झाडं, देऊळ, पायवाट… जणू कुणी ओल्या बोटानं पुसून टाकतंय. मी चालतो तेव्हा पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नाहीत. यालाच माया गळणं म्हणतात ना?”

“पोट काय म्हणतं?”

मास्तर चपापले.

पोटाचं ते कुणाला सांगत नसत. जेवण झालं की पोट नगाऱ्यासारखं तट्ट व्हायचं. मग तांब्या घेऊन धाव. जे पडायचं ते फिकट, चिकट, नाक दाबून धरावं असं. पाणी ओतलं तरी तरंगत राहायचं आणि पाण्यावर तेलाचा तवंग यायचा.

“देहशुद्धी चालू आहे,” ते म्हणाले.

“अस्सं. आणि डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?”

मधुमेह मास्तरांच्या अंगात मुरलेला होता. इन्शुलिनची सुई ते नेमानं टोचून घेत. पण वजन उतरतच चाललं, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या होत्या.

“ते म्हणाले, स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसा येत नाही. मधुमेह असणाऱ्यांना कधीकधी होतं म्हणे असं. तूप-तेल न पचता तसंच बाहेर जातं, आणि त्यातलं डोळ्यांना लागणारं सत्त्वही. म्हणून तो रस कॅप्सूलमधून घ्यायचा. दर जेवणाला, पहिल्या घासाबरोबर.”

“मग? घेता?”

“एक दिवस चुकवलेला नाही!” मास्तरांचा आवाज चढला. “पहाटे, तीर्थाबरोबर घेतो. दिवसभराच्या सगळ्या एकदम. तीर्थाआधी मुखात काही जाऊ द्यायचं नाही, हा आपल्या मठाचा नेम. औषध झालं म्हणून काय, तेही देवाच्या हातून यावं. एवढ्या श्रद्धेनं घेतलं, तरी गुण नाही. म्हणजे ही गोष्ट औषधाच्या पलीकडची आहे.”

ते एक पाऊल आत आले.

“उद्यापासून अन्न सोडायची आज्ञा द्या, आक्का. सुईही सोडतो. या देहाला आता तळ्यासारखं निवू दे.”

आक्कांचा हात राखेत थांबला.

बाहेर पाणकोंबडी ओरडली.

“उद्या संध्याकाळी सांगते,” आक्का म्हणाल्या. “तोवर सुईपण चालू, जेवणपण चालू.”

दुसऱ्या पहाटे तळ्यावरचं धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं. देव्हाऱ्यातली ज्योत दुधात बुडवल्यासारखी दिसत होती. मास्तरांनी डोळे मिटले, ओंजळीतलं तीर्थ घेतलं आणि त्यासोबत सगळ्या कॅप्सूल गिळल्या. सुख वाटलं. देहाचं ओझं त्या धुक्यात कुठंतरी ठेवून आल्यासारखं.

मागं ठण्ण आवाज झाला. मास्तर दचकले.

आक्कांनी पितळेची रिकामी हंडी चुलीवर ठेवली होती. वाटीतलं विरजण त्यांनी कपाळाला लावलं, देवाचं नाव घेतलं आणि त्या रिकाम्या हंडीत सोडलं. चर्र झालं.

आक्का शेजारी पाट टाकून जप करत बसल्या.

मास्तरांच्या ओठावर आलं होतं… पण गुरूच्या हाताला बोट कसं दाखवायचं? आणि म्हातारपणी होतंच असं. ते मनातल्या मनात थोडे हसले आणि बाहेर गेले.

दुपारी मठात दूध आलं. आक्कांनी ते तापवलं, कोमट केलं आणि त्याच हंडीत ओतलं. वर झाकण ठेवलं. हंडीला गोधडी गुंडाळली, तान्ह्या पोराला गुंडाळावी तशी.

दिवेलागणीला त्यांनी हाक मारली.

“मास्तर, दही काढा. ताक करू.”

मास्तर भिंतीला हात लावत आले. दिवा होता, पण त्यांना तो दिव्याच्या आठवणीसारखा दिसत होता. त्यांनी झाकण काढलं, पळी घातली.

दूधच होतं. तळाशी काळी खरवड, आणि करपल्याचा वास.

“लागलं नाही?” आक्कांनी विचारलं.

“कसं लागेल, आक्का?”

“विरजण घातलं होतं की मी. तुम्ही पाहिलंत.”

“घातलं होतं, पण…”

“दूधही घातलं.”

“हो, पण दूध यायच्या आधीच…”

“देवाचं नाव घेऊन घातलं होतं, मास्तर. कपाळाला लावून. तुमच्यासमोर.”

“अहो, देवाचं नाव घेतलं म्हणून काय झालं! रिकाम्या हंडीत ते एकटं काय करणार? जळून गेलं बिचारं! दूध आलं तेव्हा ते होतं कुठं…”

मास्तर बोलता बोलता थांबले.

पळीतून दूध थेंब थेंब हंडीत पडत राहिलं.



त्यांचा हात बंडीच्या खिशाशी गेला. आत उद्याच्या पहाटेसाठी ठेवलेली कॅप्सूलची पुडी होती. तिच्या कागदाची सळसळ केवढी तरी मोठी वाटली.

“आक्का,” ते हळूच म्हणाले, “ती आज्ञा…”

आक्का उठल्या. पाट मांडला. पत्रावळीवर ज्वारीची भाकरी ठेवली, वरण वाढलं, वर तुपाची धार सोडली.

“आधी सुई टोचून घ्या,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी सुई घेतली. पाटावर बसले. एका तळहातावर कॅप्सूल, दुसऱ्या हातात पहिला घास.

त्यांनी वर पाहिलं. आक्कांचा चेहरा धुक्यातून यावा तसा दिसत होता.

“दूध आलंय, मास्तर.”