डोळे बांधून शोधलेली वायर

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवून घेतले आणि त्या क्षणापासून त्याच्या पडद्यावर काहीही दिसेनासे झाले.

व्यापाऱ्याचे नाव रामलिंगशेठ. तालुक्याच्या गावी त्यांचे फ्लेक्स छापण्याचे दुकान होते. वाढदिवस असो, निवड असो वा श्रद्धांजली, गावातला बहुतेक प्रत्येक चेहरा त्यांच्या संगणकातून जाऊन चौकात टांगला गेला होता. काही दिवसांपासून पडद्यावर आडवे पट्टे उमटू लागले होते. चेहरा पुढाऱ्याचा आणि पट्टे वाघाचे, असा तो प्रकार होता. तेव्हा शेठजींनी हेरंब नावाच्या कारागिराला बोलावले. त्याने पडद्याला चित्र पुरवणारे जुने कार्ड काढून नवे बसवले, वायरी जोडल्या आणि बटण दाबले. आतला पंखा फिरला, दिवे लागले. पडदा मात्र काळा राहिला आणि त्यावर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे तरंगू लागली.

दिवस आणीबाणीचा होता. बाजार समितीचे नवे सभापती दुसऱ्या दिवशी सकाळी गावात येणार होते. स्वागताचा भव्य फलक संध्याकाळपर्यंत छपाईला जायला हवा होता, नाहीतर ते काम समोरच्या दुकानात जाणार होते. फलकावर शुभेच्छुक म्हणून पस्तीस-चाळीस चेहरे होते, आणि दुसऱ्याचा फोटो आपल्यापेक्षा मोठा होत नाही ना, हे पाहायला त्यांतले काही जण सकाळपासून बाकावर ठाण मांडून होते. त्यांच्यात आण्णाप्पा हा सर्वांत शांत होता. त्याचा फोटो खालच्या कोपऱ्यात, अगदी शेवटी होता.

हेरंब हाताचा चपळ होता. तंत्रशाळेत तो कालिंदीबाईंचा आवडता विद्यार्थी होता. पण स्वतःचे दुकान थाटल्यापासून त्याने बाईंकडे जाणे सोडले होते. दुकानदाराने मास्तरणीला विचारायला जावे हे गिऱ्हाइकाला कळले, तर पत काय राहील, असे त्याला वाटे.

त्याने शेजारच्या फोटो स्टुडिओतून दुसरा पडदा आणला. तोही ‘नो सिग्नल’ म्हणाला. त्याने वायर बदलली. मग मेमरीची पट्टी उपसून खोडरबराने घासली आणि पुन्हा दाबून बसवली. कार्ड काढले, फुंकले, परत बसवले. प्रत्येक उपायानंतर बाकावरची मंडळी पुढे वाकत आणि पुन्हा मागे टेकत.

“आज अमावस्या आहे,” शेठजी म्हणाले. “तरी मी म्हणत होतो, कार्ड आज आणू नका.”

“अमावस्येचा काही संबंध नाही, शेठजी.”

“मग कशाचा आहे ते तरी सांगा.”

हेरंब पान खायला म्हणून बाहेर पडला आणि पानाच्या टपरीआड उभे राहून त्याने फोन लावला.

“बाई, हेरंब बोलतोय. एक कार्ड खराब निघालंय असं वाटतंय. जरा येऊन जाता का?”

“वाटतंय, की आहे?”

हेरंब टपरीच्या फळीवरचा चुना नखाने खरवडू लागला.

“येते,” बाई म्हणाल्या.

कालिंदीबाई सत्तरीच्या पुढच्या. त्या रिक्षातून उतरल्या, भाजीची पिशवी शेठजींच्या टेबलावर ठेवली आणि उघड्या पडलेल्या संगणकाभोवती एक फेरी मारली. हात कशालाच लावला नाही. मग त्यांनी हेरंबला विजेची पिन भिंतीतून काढायला सांगितली आणि शेठजींकडे वळून म्हणाल्या, “शेठजी, तुमचं उपरणं द्या जरा.”

शेठजींनी खांद्यावरचे उपरणे दिले. बाईंनी त्याची घडी घातली आणि ती हेरंबच्या डोळ्यांवर घट्ट बांधली.

“नारळ मागवू का?” शेठजींनी हळूच विचारले. एकाने चप्पल काढून ठेवली.

“नारळ नको,” बाई म्हणाल्या. “हेरंब, पडद्याच्या मागे वायर हाताला लागते का बघ. लागली? आता तिचा हात धरून निघ आणि ती कुठं जाते ते मला सांग. काय आहे तेवढंच सांग, काय असायला हवं ते नको.”

“बाई, ही वायर मीच लावलीय. तीनदा तपासलीय.”

“तपासलीस ना? मग आता नुसती चाचप.”

हेरंबची बोटे वायरीवरून सरकू लागली. टेबलाच्या कडेवरून खाली, संगणकाच्या पाठीवर. तो बोलत होता, “इथं वळली. इथं वर गेली. इथं आत शिरली.” तिथे त्याची बोटे थांबली. त्याने आजूबाजूला चाचपले. वायर वरच्या बाजूच्या उभ्या खाचेत होती. नव्या कार्डाच्या आडव्या खाचा वीतभर खाली होत्या, आणि त्या साऱ्या रिकाम्या होत्या.

त्याचे कान लाल झाले. “बाई, वायर कार्डात नाहीच. ती संगणकाच्या स्वतःच्या खाचेत आहे.”

“नवं कार्ड बसलं की बहुतेक संगणक आपलं जुनं दार आतून लावून घेतात,” बाई शेठजींना म्हणाल्या. “हा सकाळपासून बंद दारावर थापा मारत होता. पडदे बदलले, वायरी बदलल्या, दार तेच.”

हेरंबने उपरणे सोडले, वायर खाली लावली, पिन खोचली आणि बटण दाबले. बाकावरची मंडळी उठून उभी राहिली.

पडदा काळाच होता.

मंडळी बसली. शेठजींनी समोरच्या दुकानाकडे एकवार पाहिले. कोणीतरी बाईंना म्हणाले, “म्हणजे तुम्हालाही जमलं नाही.” बाई स्टुलावर बसून पिशवीतल्या गवारीच्या शेंगा मोडू लागल्या.

हेरंबने त्यांच्याकडे पाहिले. त्याने विजेची पिन काढली, उपरणे उचलले आणि या वेळी स्वतःच स्वतःच्या डोळ्यांवर बांधले. मग संगणकाच्या पोटात हात घालून, सकाळपासून जिथे जिथे आपला हात पोचला होता, त्या प्रत्येक जागी तो सावकाश चाचपत गेला. कार्ड नीट होते. त्याच्या विजेची तार नीट होती. मेमरीच्या पट्टीवर बोट फिरवताना मात्र एका टोकाला ते किंचित वर चढले. दुसऱ्या टोकाचा चाप बसला होता, याचा बसलेला नव्हता.

“हा बिघाड मूळचा नाही,” तो म्हणाला. “हा माझा आहे. घाबरून पट्टी घासायला काढली आणि अर्धवट बसवली.”

त्याने अंगठ्याने दाबले. ‘टक’ असा बारीक आवाज झाला.

उपरणे सोडून त्याने पिन खोचली, पुन्हा बटण दाबले आणि पडदा उजळला. शेठजींनी त्यावर उद्याचा फलक उघडला, पण तो फार विचित्र रूपात दिसला. नव्या कार्डाला काम शिकवणारा प्रोग्राम, ज्याला कारागीर ड्रायव्हर म्हणतात, तो अजून घातलेला नव्हता. त्यामुळे पडद्यावरचे सारेच अवाढव्य झाले होते, फलकाचा एकच कोपरा मावत होता, आणि त्या कोपऱ्यात काठोकाठ भरून फक्त आण्णाप्पा हसत होता. सभापतींचा मागमूस नव्हता. इतर शुभेच्छुकांचाही नव्हता.

बाकावर मोठी कुजबुज सुरू झाली. आण्णाप्पा उठून पडद्याजवळ गेला आणि प्रथमच बोलला, “शेठजी, छान दिसतंय. आता कशाला हात लावू नका.”

हेरंबने ड्रायव्हर घातला. पडदा क्षणभर मिटला आणि उघडला, तेव्हा सभापती मधोमध विराजमान होते, मंडळी ओळीने बसली होती आणि आण्णाप्पा पुन्हा खालच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा झाला होता. आडवा पट्टा एकही नव्हता. शेठजींनी फलक छपाईला लावला आणि सर्वांना चहा सांगितला.

हेरंब बाईंना रिक्षापर्यंत सोडायला गेला. थोडे अंतर गेल्यावर त्याने विचारले, “बाई, आल्या आल्या तुम्हाला वायर दिसली होती ना? मग नुसतं सांगायचं. सगळ्यांदेखत डोळे कशाला बांधलेत?”

“सांगितलं असतं तर तू वायर हलवली असतीस आणि मोकळा झाला असतास,” बाई म्हणाल्या. “अरे, तू तीनदा बघितलंस, पण तीनही वेळा ‘मी बरोबर लावलीय’ एवढंच बघितलंस. डोळ्यांना आधीच सगळं माहीत असतं, म्हणून ते विचारत नाहीत. बोटांना बिचाऱ्यांना काही माहीत नसतं. ती विचारत विचारत जातात.”

हेरंब म्हणाला, “आणि ती मेमरीची पट्टी? ती मला सापडेल म्हणून तुम्ही गप्प बसला होता?”

“छे रे. ती मला दिसलीच नव्हती.”

हेरंब थांबला. “मग मला सापडली नसती तर?”

बाई रिक्षात बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

“तर उपरणं मी माझ्या डोळ्यांना बांधलं असतं,” त्या म्हणाल्या.