सुगीच्या दोन बकुळी

टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट यायचं आणि येताना कुईं-खर्र-टिंग असं गाणं म्हणायचं, त्या दिवसांची ही गोष्ट. ते गाणं आता कुठेच ऐकू येत नाही.

तेव्हा बकुळवाडीत सुगंधा नावाची एक मुलगी राहायची. सगळे तिला सुगी म्हणत. दोन घट्ट वेण्या आणि कोपराला ठिगळ लावलेला आभाळी फ्रॉक. तिची आई चार घरी पोळ्या करायची. शाळा सुटली की सुगी नंदूदादाचं इंटरनेटचं दुकान झाडून काढायची. त्याबदल्यात कोपऱ्यातला जाडजूड, पेटीएवढा कॉम्प्युटर संध्याकाळभर तिचा असायचा.

त्यावर सुगी वेबसाइट करायची. वेबसाइट म्हणजे दुकानाचं असं दार, जे जगाच्या कुठल्याही टोकाला उघडतं! सुगीची दारं फार देखणी असत. कडेला इवली इवली फुलपाखरं, वर गुलाबी तोरण, माउस नेला की लुकलुकणाऱ्या चांदण्या.

"किती द्यायचे गं पोरी?" गिऱ्हाईक विचारायचं.

सुगी मान खाली घालून म्हणायची, "काय वाटेल ते द्या."

मग कुणी दोन काकड्या द्यायचं, कुणी नुसताच आशीर्वाद. मिठाईवाल्या बन्सीशेठसाठी ती वीस दिवस राबली. शेठनी हातावर चार पेढे ठेवले. तेही कालचे!

एके दिवशी नंदूदादा म्हणाला, "सुगे, वाईट वाटून घेऊ नकोस. हा जुना कॉम्प्युटर मी रविवारी विकतोय. दोन हजारांना गिऱ्हाईक आलंय. तू आणलेस तर तुलाच देईन बघ."

दोन हजार! सुगीच्या पैशांच्या डब्यात सात रुपये होते. ती वाचनालयामागच्या बागेत गेली आणि बकुळीखाली बसून मुळुमुळु रडू लागली.

टप्! एक बकूळफूल तिच्या मांडीवर पडलं, उमललं, उजळलं. आत बोटभर उंचीची परी उभी होती. दुधाच्या सायीसारखा झगा, मोरपिशी पंख, केसांत दवाचे मणी.

"परीताई, मला दोन हजार रुपये देशील?" सुगीने विचारलं.

परी किणकिण हसली. "पैसे नसतात गं आमच्याकडे. ही घे दोन फुलं. एकेक फूल, एकेक इच्छा. पण नियम आहेत हं! कामाला हात लावण्याआधी तुझा दर सांगायचा. तो मोठ्याने सांगायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. आणि भीतीने एक पैसाही कमी करायचा नाही. कमी केलास की फुलाची माती होईल."

"पण माझा दर किती, ते मला कुठे ठाऊक आहे?"

"शेठच्या दाराला किती दिवस लागले?"

"वीस."

"आणि एका दिवसाच्या कष्टांचे किती मिळायला हवेत? आईला विचारून ये."

आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "दिवसभर राबलं की शंभर मिळावेत गं. मला मिळत नाहीत, ते सोड."

दुसऱ्याच दिवशी बन्सीशेठ आले. "सुगे, माझ्या नव्या फरसाणाच्या दुकानालाही तसंच दार कर बरं! तू काय, घरचीच."

सुगीने शेठच्या डोळ्यांत पाहिलं. "वीस दिवसांचं काम आहे, काका. दोन हजार."

"दोन हजार? चार रेघा आणि चांदण्यांचे?" शेठ फणकाऱ्याने निघून गेले.

मुठीतलं पहिलं फूल सोन्यासारखं लखलखलं. डब्यात मात्र ते सात रुपयेच राहिले.

मग ठकूमावशी आल्या. त्या लाकडाची चिमुकली भातुकली करायच्या. हिरवं जातं, लाल पाटा, पिवळी चूल. हल्ली कुणी घेत नव्हतं.

"लेकी, माझ्या खेळण्यांना दार करशील? किती गं?"

"दहा दिवसांचं काम आहे, मावशी. एक हजार."

मावशींचा चेहरा उतरला. "बरोबरच आहे बाळा. कष्टाचे पैसे आहेत." त्या गाठोडं उचलून निघाल्या.

सुगीला लहानपण आठवलं. ताप आला होता, तेव्हा याच मावशींनी उशाशी जातं आणून ठेवलं होतं. ती धावत गेली. "मावशी, थांबा! दर हजारच आहे. पण हे दार माझ्याकडून तुम्हाला भेट. भीतीने नाही हं, प्रेमाने!"

आता माती होणार, म्हणून तिने घाबरत मूठ उघडली. दुसरं फूल पहिल्याहूनही जास्त झळकत होतं!

"माझी इच्छा," ती पुटपुटली, "मावशींचं दार आजच तयार होऊ दे, आणि लांबलांबच्या मुलांना दिसू दे."

रविवारी सकाळी पोस्टमनकाका पिशवी उलटी करून थकले. भातुकली हवी, भातुकली हवी! मावशींच्या दारात पत्रांचा ढीग पडला. ते पाहून बन्सीशेठ धावतच नंदूदादाच्या दुकानात आले. कॉम्प्युटर खोक्यात भरून झाला होता.

"ठकूला फुकट आणि मला दोन हजार होय गं?"

"त्यांना मी भेट दिली, काका. तुम्ही विकत घेताय."

"अठराशे घे. आत्ता, रोख!"

सुगीने खोक्याकडे पाहिलं. मग शेठच्या डोळ्यांत पाहिलं. "दोन हजार," ती म्हणाली.

"पोरीला वाचा फुटली की रे, नंदू!" शेठ खदखदून हसले, आणि त्यांनी पूर्ण दोन हजार तिच्या हातावर ठेवले. ते तिने लगेच नंदूदादाला दिले, आणि खोकं तिचं झालं.

संध्याकाळी सुगी बकुळीखाली आली. "परीताई, एक फूल उरलंय. तू जाऊ नकोस, एवढंच मागते."

परीने तिच्या नाकाच्या शेंड्यावर इवलासा हात ठेवला. "राहता येत नाही गं मला. पण बकूळ सुकली तरी तिचा वास जात नाही." आणि पिवळ्या, गुलाबी, रुपेरी उजेडाच्या कारंज्यात ती विरून गेली.

सुगी आता मोठी झाली आहे. कॉम्प्युटर पाटीएवढे पातळ झाले, तारेतलं गाणं थांबलं. कुणी दर विचारला की ती क्षणभर डोळे मिटते, ते उरलेलं फूल ठेवलेला जुना डबा उघडते. बकुळीचा वास येतो. मग ती वर बघते आणि आपला दर सांगते.