येसाईनं ओतून टाकलेला काढा

खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. आंबेखोल गावात येसाई नावाची वैदीण होती. हुडहुडीचा ताप आला की घरंच्या घरं आडवी व्हायची आणि येसाई सातविणीच्या सालीचा काढा द्यायची. तो प्यालेला माणूस उठून थेट शेतावर जायचा, असं म्हणतात. म्हणून गावात रीतच पडली होती, की येसाईचं औषध अर्धं सोडायचं नाही. सोडलं तर तिच्या हाताचा गुण जातो.

त्या दिवशी येसाई अंगणात कुळीथ पाखडत होती. शेजारवाडीचा धाकू धापा टाकत आला.

"काकी, सगुणाचा ताप उतरला."

"मग तोंड असं का मेल्या? बायको बरी झाली की!"

"अंग भाजल्यागत सोलवटतंय तिचं. डोळे उघडत नाहीत."

सूप तिथंच टाकून येसाई निघाली.

धाकूच्या दारात गाव जमलं होतं. त्याची आई भागा वाटी घेऊन उभी होती. "ओठ जळतात म्हणून कालपासून रडतेय. मी म्हटलं, नखरे पुरेत. नाक दाबून पाजला काढा."

"देवीचा कोप आहे," कोणी म्हणालं. "आणखी पाजा."

येसाईनं आत जाऊन सगुणाला पाहिलं. असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. साऱ्या खाडीकाठाला जे मानवलं, ते या एकीला बाधलं होतं. कोप म्हणून हात झटकता आले असते. तिनं काढ्याचं मडकं उचललं आणि सगळ्यांसमोर उकिरड्यावर ओतलं.

"देवीला कशाला बोल लावता? हे माझ्या औषधानं झालंय."

मग तिनं केळीची कोवळी पानं तूप लावून अंथरली आणि सगुणाला त्यांवर निजवलं. पानं संपली, तेव्हा गावातल्या केळींनी बघता बघता नव्या सुरळ्या सोडल्या, असं म्हणतात. सगुणाच्या अंगावर नवी कातडी धरली, आणि तिकडे येसाईच्या तळहातांची कातडी गळून गेली, असंही म्हणतात. सगुणा जगली. नजर मात्र अधूच राहिली.

आजही आंबेखोलात औषधाचा पहिला घोट येसाईच्या नावानं देतात, दवाखान्यातली गोळी असली तरी. घरातलं एक माणूस उशाशी बसतं. आजारी माणूस "बाधतंय" म्हणाला, तर त्याला कोणी नखरे म्हणत नाही. औषध बाजूला ठेवून आधी डॉक्टरला बोलावतात.

सगुणालाच का बाधलं, हे येसाईला शोधायचं होतं. ते राहून गेलं.